सांगलीत राहून व्हिडिओ एडिटिंगची कामं मिळवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा: "दादा, मी तासगावजवळच्या गावात राहतो, बी.कॉम. झालंय, एका ऑफिसात अर्धवेळ डेटा एंट्री करतो. वर्षभर आधी मोबाईलवर आणि आता लॅपटॉपवर एडिटिंग शिकलोय. फायवरवर प्रोफाईल टाकलंय पण एकही ऑर्डर नाही. सांगलीत राहून फ्रीलान्सिंग होईल का पुण्याला जावं? पहिला क्लायंट कुठं शोधायचा आणि रेट किती सांगायचा? घरचे म्हणतात नोकरी बघ."

भावा, उत्तर लांबणार आहे, निवांत वाच.

आधी पुण्याचं मिटवू. सिनेमा, सिरीयल, मोठ्या जाहिराती यात जायचं असेल तर जा, तिथं एखाद्या सिनियरच्या मागं असिस्टंट म्हणून बसून जे शिकायला मिळतंय ते घरी बसून मिळत नाही. पण तुला फ्रीलान्सच करायचं असेल, म्हणजे स्वतःचे क्लायंट, स्वतःचं टायमिंग, तर पुण्यात खोलीभाडं आणि मेसचे पैसे भागवता भागवता तू पहिल्या महिन्यापासून पडेल त्या रेटला पडेल ते काम घ्यायला लागशील, आणि एकदा 'स्वस्तातला पोरगा' म्हणून नाव झालं की तो रेट वर न्यायला लय वेळ जातो. घरची खोली आणि घरचं जेवण हेच तुझं आत्ताचं भांडवल आहे, ते घालवू नको.

फायवरचं, म्हणजे त्या ऑनलाईन फ्रीलान्स कामाच्या साईटचं म्हणशील तर तिथं तुझ्याकडं एक रिव्ह्यू नाही आणि शेजारच्याकडं शेकड्यांनी आहेत, शिवाय जे मिळेल त्यातले २० टक्के ते कापून घेतात. प्रोफाईल राहू दे, पण रोज उघडून बघत बसणं बंद कर. बाहेरची कामं येतात, नंतर येतात, हातात चार चांगले दाखवण्यासारखे व्हिडिओ आणि दोन माणसं 'हा वेळेत देतो' म्हणणारी असली की येतात.

आता मुद्द्याचं. नवीन पोरांना वाटतं की क्लायंट आपल्या ट्रान्झिशन आणि इफेक्टचे पैसे देतो. तसं नसतंय. तो डोक्यावरचं एक ओझं उतरल्याचे पैसे देतो. त्यानं फुटेज तुझ्याकडं टाकलं की त्याला परत त्याचा विचार करायला लागू नये, ठरलेल्या दिवशी व्हिडिओ आला पाहिजे आणि त्यात लाज वाटेल असं काही नसलं पाहिजे, बस्स. आणि असं काम तुला कोण देऊ शकतंय तर ज्याचं काम तुला मुळातनं कळतंय तो माणूस. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की क्लायंट शोधायला आपल्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतच सुरुवात कर, आणि तिथंसुद्धा असा माणूस शोध जो आधीपासून शूट करतोय. ज्यानं आयुष्यात कधी व्हिडिओ केला नाही त्याला व्हिडिओचं महत्त्व पटवत बसलास तर सहा महिने जातील आणि शेवटी तो म्हणेल भाचा करतोय मोबाईलवर.

तू तासगावचा आहेस, मग मी द्राक्षापासनंच सुरू करतो. आपल्याकडं शेतीचे यूट्यूब चॅनेल किती आहेत बघ. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, खाजगी सल्लागार, ठिबकवाले, रोपवाटिकावाले, आणि स्वतः बागायतदार सुद्धा. सगळे बागेत उभं राहून वीस-वीस मिनिटं बोलतात, माणूस जाणकार असतो, माहिती सोन्यासारखी असते, पण मागं ब्लोअर चालू असतो, माईकवर वारं आपटत असतंय, पहिले दोन मिनिटं 'नमस्कार शेतकरी मित्रांनो' आणि स्वतःच्या ओळखीत जातात आणि मग विषय सुरू होतो. इथं तुला काम आहे.

पण इथंच बघ, बाहेरचा एडिटर कुठं फसतोय. समज व्हिडिओ गोडी छाटणीचा, म्हणजे फळासाठीच्या छाटणीचा आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरमधला. एडिटरला बोलण्याच्या वर टाकायला शॉट पाहिजेत म्हणून तो क्लायंटनं दिलेल्या फोल्डरमधनं छाटणीचे शॉट उचलतो, आणि ते निघतात एप्रिलच्या खरड छाटणीचे. खरड छाटणीत काडी पार बुडाशी एक-दोन डोळ्यांवर कापलेली असते, गोडी छाटणीत डोळे मोजून काडी लांब राखलेली असते, बागेत राबलेल्या माणसाला हे एका नजरेत दिसतंय. व्हिडिओ पडला की पहिली कमेंट येते, 'साहेब छाटणी कुठली दाखवताय?' आणि त्या सल्लागाराची शेतकऱ्यांपुढं जी पत आहे तिलाच धक्का बसतो. तुला हे शिकवायला लागणार नाही कारण तू त्या भागातनंच आलायस. डावणी, भुरी हे वेलीवरचे रोग म्हणजे काय, डिपिंग कधी, विरळणी कधी, हे सगळं तुझ्या कानावरनं गेलेलं आहे. टायटलमध्ये 'डावणी' च्या जागी ऑटो कॅप्शननं 'दावणी' लिहिलं तर ते तुझ्या डोळ्याला खुपेल, बेंगलोरच्या एडिटरच्या खुपणार नाही. ह्याचे पैसे मिळतात भावा, इफेक्टचे नाही.

तर पहिलं काम हे. असे दहा-बारा चॅनेल निवड, ज्यांचे व्हिडिओ नियमित येतात पण एडिट कच्चं आहे. एकेकाचे पाच-सहा व्हिडिओ नीट बघ, कमेंट वाच. मग एकाच व्हिडिओतला एखादा तुकडा घे, सुरुवातीची पन्नास सेकंद, आणि तो तुझ्या पद्धतीनं परत काप. सगळ्यात कामाचं वाक्य बहुतेक वेळा सातव्या-आठव्या मिनिटाला कुठंतरी दडलेलं असतंय, 'ह्या आठवड्यात हा स्प्रे चुकला तर घड गेला' असलं काहीतरी, ते उचलून पहिल्या पाच सेकंदात आण, वाऱ्याचा आवाज कमी कर, वर रोग पडलेल्या पानाचा जवळचा शॉट ठेव, खाली स्वच्छ मराठी कॅप्शन. हे कुठं अपलोड करायचं नाही, व्हिडिओ त्याचा आहे, फक्त त्याला एकट्याला पाठवायचं. मेसेज लांब लिहू नको. असा काहीतरी:

"नमस्कार सर, मी तासगाव तालुक्यातला, आमची पण बाग आहे. तुमचा डावणीवरचा परवाचा व्हिडिओ बघितला, माहिती खूप कामाची आहे. सातव्या मिनिटाला तुम्ही जे सांगितलंय ते सुरुवातीला असतं तर अजून लोक थांबले असते असं वाटलं, म्हणून नमुन्यासाठी पहिली ५० सेकंद एडिट करून पाठवतोय. आवडलं तर एक पूर्ण व्हिडिओ करून देईन, रेट बोलून ठरवू. नाही आवडलं तरी हरकत नाही."

बाग नसेल तर बाग आहे असं लिहू नको, जे खरं आहे तेच लिही. आणि हा मेसेज दहाजणांना तसाच फॉरवर्ड केलास तर कळतंय लोकांना. प्रत्येकाला त्याच्या व्हिडिओबद्दल लिही. दहातले सहा-सात उत्तर देणार नाहीत, ते धरूनच चाल. जो उत्तर देईल त्याला फोन कर, शक्य असेल तर जाऊन भेट. आपल्याकडं माणूस भेटला, चहा झाला की काम पुढं सरकतंय, नुसत्या मेसेजवर सरकत नाही.

एकदा काम सुरू झालं की त्याच्याकडनं यूट्यूब स्टुडिओतला रिटेन्शनचा ग्राफ मागून घे, म्हणजे लोक कुठल्या सेकंदाला सोडून जातात तो. पहिल्या तीस सेकंदाला किती टक्के लोक टिकलेत हे तिथं स्पष्ट दिसतंय. तुझ्या आधीचे व्हिडिओ आणि तुझे व्हिडिओ असा फरक दाखवता आला तर रेट वाढवायची बोलणी आपोआप सोपी होतात.

शेती एकच आहे असं नाही. मिरजेत डॉक्टर लोक आहेत, एवढ्या मोठ्या संख्येनं हॉस्पिटलं असलेलं गाव आपल्या भागात दुसरं नाही, आणि आता बरेचजण माहितीचे छोटे व्हिडिओ करायला लागलेत. हे काम चांगलं आहे, पैसे वेळेवर येतात, पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. डॉक्टरांना आपली जाहिरात करून पेशंट ओढायला मनाई आहे, मेडिकल कौन्सिलचे २००२ चे आचारनियम आहेत त्यात ते लिहिलेलं आहे. त्यामुळे 'शंभर टक्के बरे', 'गॅरंटी' असली टायटलं तू स्वतःच्या उत्साहानं टाकू नको. पेशंटचा चेहरा असेल तर लेखी परवानगी घेतली का हे विचार, नसेल तर तो शॉट वापरू नको. हे तू आपणहून विचारलंस की डॉक्टर समजतात की पोरगं जबाबदार आहे.

मिरजेतच सतारमेकर आहेत. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. लांबच्या गिऱ्हाईकाला वाद्य हातात घेऊन बघता येत नाही, तो व्हिडिओत ऐकूनच ठरवणार. आता नवीन एडिटर काय करतो, सवयीनं ऑडिओवर नॉईज रिडक्शन मारतो आणि खाली बॅकग्राऊंड म्युझिक लावतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे ती जी तारेची गुंजणारी झिणझिण असते, त्यावरच त्या कारागिराचे दिवसच्या दिवस गेलेले असतात, आणि सॉफ्टवेअर तिलाच खरखर समजून पुसून टाकतंय. तिथं काहीच करायचं नाही, खोली शांत करून चांगल्या माईकनं परत रेकॉर्ड करायला सांगायचं आणि ऑडिओ जास्तीत जास्त बिटरेटला एक्स्पोर्ट करायचा. काम थोडं असतंय पण असा एक व्हिडिओ तुझ्या नमुन्यात असला ना तर ज्याला आवाजातलं कळतंय असा कुठलाही क्लायंट तुला फोन करेल.

बाकी भरती अकॅडम्या आहेत, क्लासवाले आहेत, सराफ आहेत, साडीची दुकानं आहेत, कुस्तीची मैदानं आणि बैलगाडा शर्यती आहेत. शर्यतींना सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या मे महिन्यात कायमचा हिरवा कंदील दिला, तेव्हापासनं शर्यतीचे चॅनेल जोरात आहेत. तिथं क्वालिटीपेक्षा वेग बघतात, फायनल संध्याकाळी झाली की रात्रीच रील पाहिजे, सकाळी कोण बघत नाही. तुला रात्री जागायची तयारी असेल तर घे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे व्हिडिओ मी स्वतः पूर्ण ॲडव्हान्स घेतल्याशिवाय करत नाही आणि तुलाही तेच सांगेन, एवढंच.

लग्नाच्या कामाबद्दल जरा सविस्तर, कारण सुरुवातीला सगळ्यात लवकर पैसे तिथंच दिसतात. सांगली, मिरज, जयसिंगपूर, विटा, इस्लामपूर, कुठंही जा, स्टुडिओवाल्यांकडं लगीनसराईत डेटाचा ढीग पडलेला असतो आणि एडिटर कमी पडतात. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू आणि जूनपर्यंत चालतो. तू थेट दिवाळीच्या आधी जाऊन भेट, एप्रिलमध्ये जाऊन उपयोग नाही, तेव्हा मालकाला तुझ्याशी बोलायला वेळ नसतो. बरेच स्टुडिओ अजून एडियस ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करतात, काही प्रीमियरवर, काय वापरतात ते आधी विचारून घे. पहिल्यांदा हायलाईट, म्हणजे निवडक क्षणांचा छोटा व्हिडिओ, मागू नको, तो सगळ्यांना पाहिजे असतो. ट्रॅडिशनल व्हिडिओ माग, म्हणजे साखरपुड्यापासनं वरातीपर्यंत पूर्ण दोन-तीन तासांचा. कंटाळवाणं काम आहे म्हणून कोण घेत नाही, पण मल्टिकॅम सिंक करणं, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज एकमेकांशी जुळवणं, तासन्‌तास फुटेजमधनं नेमकं उचलणं, हात बसणं, हे सगळं तिथंच होतंय.

आणि त्यात नाती कळली पाहिजेत. मामा नवरीला बोहल्याकडं घेऊन येतोय तो शॉट कापलास तर त्या घरात वर्षभर बोलणी होतात. कानपिळीला नवरीचा भाऊ, हळदीला आत्या, आजीचा एखादा तरी जवळचा शॉट, हे गेलंच पाहिजे. मी स्टुडिओकडनं कायम दोन्ही घरच्या महत्त्वाच्या माणसांचे फोटो मागून घेतो, नावासकट, व्हॉट्सअपवर दहा फोटो, आणि एडिट संपल्यावर ते फोटो समोर ठेवून बघतो की ह्यातला कोण राहिलाय का. एवढ्या एका सवयीमुळं करेक्शन निम्म्यावर येतात.

लग्नाच्या व्हिडिओत सिनेमाची गाणी सगळेच लावतात. घरच्या पेनड्राईव्हला ते चालून जातंय, पण तोच हायलाईट यूट्यूबवर टाकला की कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेचा क्लेम येतो आणि इन्स्टावर कधी आवाजच जातो. म्हणून अपलोड करायच्या व्हिडिओला लायसन्सचं म्युझिक किंवा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं वापर, आणि दुकानाच्या किंवा कंपनीच्या व्हिडिओत तर सिनेमाचं गाणं अजिबातच नको, मालकानं कितीही आग्रह केला तरी. तिथं नुकसान त्याचं होतं आणि नाव तुझं येतं.

आता रेट. ह्याला कोण काय घेतंय ते विचारत बसू नको, आधी स्वतःचा हिशोब काढ. उदाहरण म्हणून धर, महिन्याला तुझ्या हातात ३० हजार राहिले पाहिजेत आणि लाईटबिल, नेट, हार्डडिस्क, लॅपटॉपचा हप्ता असा ८ हजार खर्च आहे. म्हणजे ३८ हजार. महिन्याला २६ दिवस काम, पण दिवसातले सगळे तास पैशाचे नसतात, फोन, भेटी, अपलोड, करेक्शन ह्यात निम्मा दिवस जातो, खरं एडिटिंग पाच तास. म्हणजे १३० तास. ३८ हजार भागिले १३०, साधारण २९२, म्हणजे तासाला ३०० च्या खाली तू गेलास तर तू घरचे पैसे घालतोयस. आता एका रीलला तुला फुटेज बघण्यापासनं शेवटच्या एक्स्पोर्टपर्यंत तीन तास लागत असतील तर ९०० झाले. कोण २०० रुपयात रील मागतोय तर त्याला नाही म्हणायला आता तुझ्याकडं कारण आहे. किंवा मग ते काम चाळीस मिनिटात होईल असं टेम्प्लेट बसव, तो पण एक मार्ग आहे, वाईट नाही. पण तासाचा हिशोब क्लायंटला दाखवायचा नाही, त्याला कामाचा एक आकडा सांगायचा.

सुटी कामं करत राहिलास तर दर महिन्याला शून्यापासनं सुरुवात होते. म्हणून दोन-तीन कामं व्यवस्थित झाली की महिन्याचं बोल. 'सर, महिन्याला चार मोठे व्हिडिओ आणि त्यातनंच काढलेले बारा शॉर्ट, एवढे एवढे पैसे, पाच तारखेला.' एकाच व्हिडिओतनं शॉर्ट काढायला तुला वेळ कमी लागतो आणि त्याला मिळतात जास्त, म्हणून हा सौदा दोघांना परवडतो. असे तीन क्लायंट बांधले गेले की तुझा महिना बसला.

पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी आणि लिहून. नवीन माणसाकडनं निम्मे ॲडव्हान्स, त्याशिवाय फुटेज कॉपी पण करायचं नाही. ड्राफ्ट द्यायचा तो कमी क्वालिटीचा आणि मध्ये वॉटरमार्क घालून, फायनल फाईल बाकीचे पैसे आल्यावर. ओळखीतला आहे, पाहुण्यातला आहे, तरी हेच, उलट पाहुण्यातला असेल तर जास्तच हेच, कारण तिथं नंतर मागता येत नाही. करेक्शन दोन वेळा फुकट, तिसऱ्यापासनं पैसे, आणि सगळी करेक्शन एकाच मेसेजमध्ये मिनिट-सेकंद टाकून द्यायला सांग. तुकड्या तुकड्यानं 'अजून एक छोटासा बदल' येत राहिले की एका व्हिडिओत आठवडा जातो. हे नियम तुला रागीट आवाजात सांगायचे नाहीत, व्हॉट्सअपवर चार ओळींचा मेसेज करून ठेव, प्रत्येक नवीन क्लायंटला सुरुवातीला तोच पाठव, वरनं 'सर एकदा बघून ओके म्हणा' एवढंच. त्याचं ओके आलं की पुढं वाद होत नाहीत.

मशीनचं थोडक्यात. १६ जीबी रॅम, एसएसडी आणि बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड एवढं असलं तर सुरुवात होते, लाखाचं कर्ज काढून मोठं मशीन घेऊ नको. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर अजिबात वापरू नको, त्यातनं व्हायरस येऊन क्लायंटच्या सगळ्या फाईली लॉक झाल्या तर तू कुणाला तोंड दाखवणार. दाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन आहे, फोर-केपर्यंत एक्स्पोर्ट देतं, वॉटरमार्क नाही, सुरुवातीची दोन वर्षं ते पुरतंय. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी कॉपी, बनवून काम कर. मोबाईलवर शूट केलेलं फुटेज असलं तर आधी हँडब्रेक ह्या सॉफ्टवेअरमधनं कॉन्स्टंट फ्रेम रेटला करून घे, मोबाईलचा फ्रेम रेट कमी-जास्त होत असतो आणि वीस मिनिटांच्या भाषणात शेवटी ओठ आणि आवाज जुळत नाहीत, शेतीच्या व्हिडिओत हा प्रॉब्लेम सारखा येतो. क्लायंट हॉलमध्ये किंवा दुकानात शूट करत असेल तर त्याला सांग की २५ फ्रेमला आणि शटर १/५० ला ठेव, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर ट्यूबलाईटच्या पट्ट्या लपलप करतात आणि ते नंतर नीट निघत नाही. कार्यालयाच्या डेकोरेशनमध्ये तर जास्तच.

मराठी टायटलचं मात्र मी थोडं जास्त सांगणार, कारण इथं आपल्याच माणसांच्या व्हिडिओत आपलीच भाषा मोडलेली बघून मला खरंच वाईट वाटतं. प्रीमियरमध्ये जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडंच जाते, आणि पोरं तसंच सोडून देतात. प्रेफरन्समध्ये ग्राफिक्सच्या खाली टेक्स्ट इंजिन 'साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करायचं, नीट दिसायला लागतंय. फॉण्ट युनिकोड वापर. गूगल फॉण्ट्सवर मुक्ता आहे, बालू आहे, दोन्ही फुकट आणि धंद्याच्या कामाला पण चालतात. फ्लेक्सवाल्याकडनं आलेला मजकूर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉण्टमध्ये असतो, तो युनिकोड फॉण्टमध्ये चिकटवला की नुसती चिन्हं येतात, तो कन्व्हर्ट करून घे नाहीतर सरळ परत टाईप कर. आणि ऑटो कॅप्शन कुठल्याही ॲपनं केलेलं असू दे, एकदा पूर्ण हातानं वाच. आपल्या भागातली बोली ते यंत्र अजून धड पकडत नाही, माणसांची आडनावं आणि गावांची नावं तर हमखास चुकवतंय. सगळं झालं की फायनल लॅपटॉपवर बघून देऊ नको, साध्या मोबाईलवर, बाहेर उन्हात उभं राहून एकदा बघ, शेतकरी तिथंच बघणार आहे. मजकूर दिसला, बोलणं कळलं, मग पाठव. व्हॉट्सअपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नुसता व्हिडिओ म्हणून पाठवलास की क्वालिटी पार उतरते आणि क्लायंटला वाटतं एडिट खराब आहे.

डेटाचं गणित करून ठेव. कॅमेरा १०० एमबीपीएसला शूट करत असेल तर एका तासाचे ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, दोन दिवसांचं लग्न, म्हणजे तीन-चारशे जीबी सहज. ते नेटवरनं येत नाही, हार्डडिस्कच हातात येते. आली की पहिल्यांदा दुसऱ्या डिस्कवर कॉपी, मगच एडिटला हात. एकच कॉपी असलेली डिस्क एसटी पार्सलनं किंवा कुरिअरनं कधीच पाठवायची नाही, स्टुडिओवाला कितीही घाईत असू दे. लग्न परत लावता येत नाही. आणि नदीकाठच्या भागात खोली घेतलीस तर डिस्का वरच्या मजल्यावर ठेव, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते सांगलीत कुणालाही विचार. गावात लाईट जाते म्हणून यूपीएस घे, नवीन ग्राफिक कार्डाच्या आधी घे.

कागदपत्रांचं घाबरू नको. वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत आहे तोपर्यंत सेवेच्या कामाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कंपनीचं काम केलंस तर ते टीडीएस कापून पैसे देतील, तो बुडाला असं समजू नको, रिटर्न भरलं की हिशोबात येतो, म्हणून रिटर्न दरवर्षी भर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाईन आणि फुकट आहे, ती करून बिलावर नंबर टाक. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे. मला एका कंपनीनं पाच महिने बिलासाठी फिरवलं होतं, हा नियम लिहून एक साधा ईमेल टाकला आणि आठवड्यात पैसे आले. भांडायला लागलं नाही.

घरच्यांचं म्हणणं पण चुकीचं नाही. तुझी नोकरी अर्धवेळ आहे, ती आत्ता सोडू नको. सकाळचे तीन तास एडिटिंगला काढ, आठवड्याला एक नमुना आणि दोन माणसांना भेटणं एवढंच ठरव. महिन्याचे दोन क्लायंट पक्के झाले आणि खात्यात तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडला की मग घरच्यांशी बोल, तोवर त्यांनाही रोज दिसत असेल की पोरगं काम करतंय. फक्त सोडायचा महिना बघून सोड. मे मध्ये लग्नाच्या कामाचा पैसा हातात खेळत असतो म्हणून पोरं तेव्हाच राजीनामा देतात, आणि जून संपला की लग्नं थांबतात, बागेतपण खरडछाटणीनंतर फार शूटिंग नसतंय, दोन-अडीच महिने फोन वाजत नाही. तू सप्टेंबर धर. गोडी छाटणीचे व्हिडिओ तेव्हा सुरू होतात, गणपतीतल्या मंडळांची कामं असतात, आणि त्याच्या मागनं दिवाळी आणि लगीनसराई लागून येते.